गाणं घरी लवकर कसं आलं? (८४ वर्षांच्या पियानोवादकाला क्लबात ऐकताना)

मंद्रसप्तक | शनिवार, रात्री १:१०

आत्ताच ऐकून आलोय. कानात अजून सिंबल वाजतेय, झोप काही येणार नाही, म्हणून धागा काढतो. वाजवता मला काहीच येत नाही, जॅझ ऐकतो मात्र वीसेक वर्षं. शेवटी एक प्रश्न आहे, तो जाणकारांनी सोडवावा.

वादकाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. प्रश्न जरा आगाऊ आहे, आणि नाव घेतलं की धागा त्यांच्या रेकॉर्ड्सवर घसरेल. आपण त्यांना बुवा म्हणू. वय ८४. सोबत डबल बेस आणि ड्रम्स, दोघेही नातवाच्या वयाचे.

खरं सांगतो, जाताना धाकधूक होती. ऐंशी ओलांडलेल्या कलाकाराकडे आपण अर्धे ऐकायला जातो आणि अर्धे दर्शनाला. वाजवणं कसंही होवो, टाळ्या ठरलेल्या. तसं झालं असतं तर मला माझाच राग आला असता.

क्लब तळघरातला, छत बुटकं. बुवा मागच्या दाराने टेबलांमधून आले. काठी नव्हती. पण वाटेतल्या प्रत्येक खुर्चीच्या पाठीवर हात ठेवत आले, एक सुटली की दुसरी, मोजत असल्यासारखे. लोक टाळ्या वाजवत होते, त्यांचं सगळं लक्ष खुर्च्यांवर. स्टेजला एकच पायरी. तिथे ड्रमरने नुसतं कोपर पुढे केलं, तेही त्यांच्याकडे न बघता. बसल्यावर बुवांनी बाकाच्या दोन्ही बाजूंच्या खुंट्या फिरवून बाक खाली घेतला, मग थोडा वर, मग पुन्हा खाली. मिनिटभर हेच. घड्याळ काढून कोटाच्या खिशात टाकलं आणि सुरू.

मी डावीकडे, त्यांच्या पाठीमागे, हात दिसतील असा बसलो होतो. बोटांचे सांधे सुजलेले. उजव्या हाताची करंगळी सरळच होत नव्हती, वाजवतानाही आत मुडपलेली. आणि पहिलंच गाणं द्रुत! म्हटलं, संपलं. पण बुवा वेगाच्या मागे धावलेच नाहीत. ड्रमर राइड सिंबलवर सुसाट निघालेला, बेस ताड ताड चालतोय, आणि हे मध्येच दोन सूर ठेवतात. थांबतात. दहा-बारा मात्रा काहीच नाही. मग डाव्या हाताने एकच कॉर्ड (एकदम वाजवलेले तीन-चार सूर), आणि ती अशा जागी की ड्रमरला हसू फुटलं. वेग त्या दोघांकडे सांभाळायला दिला होता आणि लागेल तेवढा मागून घेत होते.

मधली दोन पटकन उरकतो. एक ब्लूज होता, छान झाला, पण ब्लूज कोणीही छान वाजवतं (मारा आता मला).

चौथं बॅलड, म्हणजे संथ गाणं. सुरुवात एकट्याने, ठेक्याशिवाय. पेडल पूर्ण न सोडता आधीच्या कॉर्डचा थोडा धूर मागे ठेवायचा आणि त्यात पुढची हळूच सोडायची, असं चाललेलं. मग ड्रमरचे ब्रश आले (काठ्यांऐवजी तारांचे), बेस आला. बेसवाला डोळे मिटून वाजवत होता. तिसऱ्या की चौथ्या फेरीत त्याचे डोळे खाडकन उघडले. त्याने बुवांकडे बघितलं. ड्रमरचा ब्रश स्नेअर ड्रमवर गोल फिरत होता तो अर्ध्यात अडला, अगदी क्षणभर. आणि मग बेसवाला दात दाखवून हसला. बुवांचा चेहरा मला दिसत नव्हता, पाठ दिसत होती. पाठीत काही फरक नाही.

मला जाणवलं ते इतकंच, की गाणं घरी लवकर आलं. काय झालं असेल?

रिकामटेकडी | शनिवार, सकाळी ८:३२

"पाठीत काही फरक नाही." बस, इथेच थांबले असते तरी चाललं असतं!

उत्तर माहीत नाही, पण दोन शंका. डावीकडे म्हणजे आपल्या डावीकडे ना? आणि लोक मध्ये बोलत होते का? मी एकदाच क्लबात गेले आहे. शेजारच्या टेबलावर कुणाच्या तरी बढतीची चर्चा पूर्ण पहिला सेट, म्हणजे मध्यंतरापर्यंत, चालली. मला त्या माणसाचा नवा हुद्दा आठवतो, संगीत नाही आठवत.

उभा_बेस | शनिवार, सकाळी ९:१५

रिकामटेकडी, हो, आपल्या डावीकडे. ग्रँड पियानोचं झाकण खर्जाच्या बाजूला बिजागरीला असतं, ते उघडलं की आवाज प्रेक्षकांकडे फेकला जातो. म्हणून वादक उजवी कूस आपल्याकडे करून बसतो. डावीकडच्यांना हात दिसतात, उजवीकडच्यांना चेहरा. दोन्ही हवं असेल तर दोनदा जावं लागतं.

मंद्रसप्तक, "गाणं घरी लवकर आलं" हेच तुमचं उत्तर आहे. बुवांनी ब्रिज गाळला.

या धाटणीची पुष्कळ जुनी गाणी ३२ बारची असतात (बार म्हणजे मात्रांचा एक गट, बहुधा चारचा). आठ-आठ बारचे चार तुकडे: पहिला, तोच पुन्हा, मग एक वेगळा, आणि शेवटी पहिला परत. तो वेगळा तिसरा तुकडा म्हणजे ब्रिज. ३२ बारची एक फेरी म्हणजे कोरस. सुरुवातीला मूळ चाल वाजते, तिला हेड म्हणतात. मग सोलो याच चौकटीवर फिरत राहतात. चाल वाजत नसते, पण स्टेजवरच्या प्रत्येकाच्या डोक्यात ती चालू असते. आकडे कोणी मोजत नाही. रोजच्या रस्त्यावर आपण वळणं मोजतो का?

आता बेसवाल्याच्या जागी मला उभा करा. दुसरा तुकडा संपला, मी ब्रिजचा पहिला सूर लावला, आणि पियानोकडून आली शेवटच्या तुकड्याची कॉर्ड. ब्रिजमध्ये बऱ्याचदा स्वरपट्टीच बदलते, त्यामुळे असा घोळ झाकला जात नाही. निर्णयाला वेळ अर्धा बार. त्यांना ओढून ब्रिजवर आणायचं, की आपण ब्रिज सोडायचा? आमच्यात उत्तर ठरलेलं आहे: सोलो ज्याचा, तो बरोबर. चूक असेल तर ती तिघांनी मिळून करायची, म्हणजे ती चूक राहत नाही. तो हसला म्हणजे त्याला वाट सापडली.

फटकळ | शनिवार, सकाळी १०:०२

थोडक्यात, विसरले.

सरळ बोलायला काय हरकत आहे? चाळिशीतल्या वादकाने ब्रिज गाळला असता तर "तयारी नाही" म्हणाला असतात. चौऱ्याऐंशीव्या वर्षी गाळला की बेसवाल्याचं हसू, अडलेला ब्रश, धूर! पियानोवादक कीथ जॅरेटना २०१८ मध्ये पक्षाघाताचे दोन झटके आले, डावी बाजू गेली, मैफिली बंद झाल्या. तिथे शरीराने निर्णय घेतला. बाकीच्यांनी तो स्वतः वेळेवर घ्यावा, एवढंच म्हणणं आहे. ऐकणाऱ्याने सहानुभूती घेऊन जाऊ नये.

जुना_रेडिओ | शनिवार, सकाळी ११:४०

फटकळ आले म्हणजे धागा पन्नास प्रतिसाद गाठणार.

पक्षाघाताचाच विषय काढलात तर पियानोवादक ऑस्कर पीटरसन घ्या. १९९३ मध्ये झटका आला, डावा हात पूर्वीसारखा कधीच झाला नाही. दोनेक वर्षांनी ते परत आले आणि मुख्यतः उजव्या हाताच्या जोरावर पुढे बरीच वर्षं वाजवत राहिले. पूर्वीचा पीटरसन म्हणजे दोन्ही हातांचा धबधबा. नंतरच्यात धबधबा नाही, पण एकेक वाक्य नीट संपवतात. मला नंतरचं जास्त जवळचं वाटतं. यावर भांडायला तयार आहे.

दुसरे पियानोवादक होरेस पार्लन. यांना लहानपणीच पोलिओ झाला, उजव्या हाताची काही बोटं कामातून गेली. मग डाव्या हाताने जास्तीचं काम उचललं, उजवा मोजकंच आणि ठोसून वाजवायचा. त्यातून जो आवाज तयार झाला तो दहा धडधाकट बोटांच्या माणसाला जमत नाही. तेव्हा "बोटं चालत नाहीत" हा जॅझमध्ये शेवटचा निकाल नसतो.

हँक जोन्स नव्वदी ओलांडूनही वाजवत होते (१९१८ ते २०१०). बॅरी हॅरिस नव्वदीतही शिकवत होते. आणि युबी ब्लेक यांची तर गंमतच. १९८३ मध्ये त्यांची शंभरी थाटात साजरी झाली, पाचच दिवसांनी ते गेले. मागाहून जुनी कागदपत्रं पाहिली तर जन्म १८८७ चा निघाला. म्हणजे शंभर नव्हे, ९६! वय कमी सांगणारे कलाकार खूप पाहिले, वाढवून सांगणारा हा एकच.

रिकामटेकडी, बोलणाऱ्यांचं म्हणाल तर ते दुखणं जुनं आहे. न्यूयॉर्कचा व्हिलेज व्हॅनगार्ड हा क्लब १९३५ पासून चालू आहे. तोही तळघरातच, खोली त्रिकोणी, बसायला जागा सव्वाशेच्या आतबाहेर. २५ जून १९६१ च्या रविवारी बिल इव्हान्सच्या ट्रायोने (तिघांच्या संचाने) तिथे दिवसभरात पाच सेट वाजवले आणि ते सगळे रेकॉर्ड झाले. इव्हान्स पियानोवर, स्कॉट लाफारो बेसवर, पॉल मोशन ड्रम्सवर. त्या टेपवर ग्लास किणकिणतात, माणसं बोलतात, मागे कोणीतरी हसतं. त्यानंतर अकराव्या दिवशी लाफारो मोटार अपघातात गेला. २५ वर्षांचा होता. मी ते ऐकताना हल्ली त्या बोलणाऱ्यांवर चिडत नाही, पण त्यांच्या गप्पा मला आता तोंडपाठ झाल्यात त्याला काय करू?

खर्जातली | शनिवार, दुपारी १:२५

मी गाणं शिकवते, जॅझ जेमतेम. उभा_बेस यांचं वाचून वाटलं, हे तर आपलंच झालं की. आवर्तन, आवर्तनात विस्तार, आणि समेवर येणं. ब्रिज म्हणजे अंतरा समजा. बुवा अंतरा न घेता मुखड्यावर आले. आमच्याकडे यात कोणी डोळेसुद्धा उघडणार नाही!

उभा_बेस | शनिवार, दुपारी २:१०

ताई, अर्ध्यापर्यंत तुमच्याबरोबर आहे. पुढे वाट वेगळी होते.

अंतरा घ्यायचा की नाही हे गाणारा ठरवतो, आणि खाली तबल्याचा ठेका तोच राहतो. तानपुराही तोच. इथे खालची जमीनच दर बारला सरकत असते. कॉर्ड बदलते, म्हणजे जो सूर आत्ता गोड लागला तोच पुढच्या बारात दाताखाली खडा. त्यामुळे ‘कुठे आहोत’ हे काळाचंही असतं आणि जागेचंही. तिघांपैकी एकाने ब्रिज सोडला आणि दोघांनी धरला तर सम जुळूनही सगळं बेसूर.

आणखी एक अडचण. बुवांच्या पिढीचे वादक ट्रायोमध्ये डाव्या हातात बऱ्याचदा मूळ सूर वाजवतच नाहीत, तो बेसवर सोडतात. बी आणि एफ एवढे दोनच सूर वाजले तर ती जी-सेव्हन नावाची कॉर्ड असू शकते किंवा डी-फ्लॅट-सेव्हनसुद्धा. खाली बेस काय लावतो त्यावर अर्थ ठरतो. म्हणजे नुसता डावा हात ऐकून बेसवाल्याला पत्ता लागत नाही, उजव्या हाताच्या बोलण्यावरून ओळखावं लागतं. त्या पोराने अर्ध्या बारात ओळखलं. बुवांबद्दल तुम्ही भांडत बसा, मी त्या पोराला दाद देतो.

खर्जातली | शनिवार, दुपारी २:३१

‘जमीनच सरकते’ हे पटलं. शब्द मागे घेते, अर्धा.

फटकळ | शनिवार, दुपारी ३:००

मी पण त्या पोरालाच दाद देतोय की. म्हाताऱ्याला पोरं सांभाळून घेतात, यात दुमत नाहीच.

रिकामटेकडी | शनिवार, दुपारी ३:१२

आणि पहिल्या द्रुत गाण्यात कोण कोणाला सांभाळत होतं हो?

जुना_रेडिओ | शनिवार, संध्याकाळी ५:४५

ते कमी सूर वाजवण्याबद्दल. ते म्हातारपणाचंच लक्षण असतं असं नाही हं. पियानोवादक अहमद जमाल १९५८ मध्ये शिकागोच्या पर्शिंग हॉटेलात वाजवत होते तेव्हा जेमतेम सत्तावीस वर्षांचे. बोटं वाऱ्यासारखी, आणि तरी बारच्या बार मोकळे सोडायचे. ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसने आपल्या पियानोवादकांना त्यांच्यासारखं वाजवा म्हणून सांगितल्याचे किस्से प्रसिद्ध आहेत. काउंट बेसी तर पूर्ण बँडसमोर दोन सुरांत काम भागवायचे. मोकळी जागा वाजवायला धीर लागतो, आणि मागे बेस-ड्रम्स घट्ट लागतात, नाहीतर ती नुसती गैरहजेरी होते.

मंद्रसप्तक | शनिवार, संध्याकाळी ७:२०

सगळ्यांचे आभार. ब्रिजचं कळल्यापासून ते गाणं दिवसभरात सहा वेळा ऐकलं, वेगवेगळ्या लोकांचं. बोटांवर बार मोजतोय. आठ, आठ, आणि हा बघा ब्रिज! वीस वर्षं ऐकतोय आणि हे दार भिंतीत आहे हे माहीतच नव्हतं.

फटकळ, तुमचा मुद्दा मी झटकत नाहीये. ते विसरले असतील. करंगळीचं मीच लिहिलंय. पण ‘सांभाळून घेतलं’ म्हणताना बुवा बसून राहिले आणि पोरांनी गाडा ओढला असं चित्र होतं, ते मी पाहिलेलं नाही. कसं सांगू, तिघांनाही माहीत होतं की आज काय काय होऊ शकतं, आणि त्याची भीती कुणालाच नव्हती.

असो. उद्या त्यांचा इथला शेवटचा दिवस. दुसऱ्या सेटला जागा मिळालीये. या वेळी उजवीकडची.

उभा_बेस | शनिवार, संध्याकाळी ७:२८

जाच! आणि हातांच्या खुणा बघा. कोणी स्वतःच्या डोक्याला हात लावला की ‘हेडवर चला’. चार बोटं वर केली की ड्रमरबरोबर चार-चार बारची देवाणघेवाण सुरू. मूठ दाखवली की आवरा.

मंद्रसप्तक | सोमवार, रात्री १२:५०

आलो.

खुणा दिसल्या! चार बोटं बेसवाल्याने केली, बुवांनी नव्हे. डोक्याला हात बुवांनी लावला, पण मला वाटतं एकदा त्यांना नुसतंच खाजत होतं, कारण कोणीच हेडवर गेलं नाही.

बाकीचं नंतर लिहीन, आज फक्त बॅलड. तेच होतं, सेटमधलं शेवटून दुसरं. मी टेबलाखाली बोटं मोडत बसलो. पहिला कोरस, ब्रिज जागच्या जागी. दुसरा कोरस, तोही ठीक. उजवीकडून चेहरा स्वच्छ दिसत होता. वाजवताना ओठ हलतात त्यांचे, आवाज नाही, गाण्याचे शब्द म्हणत असावेत.

तिसऱ्या कोरसमध्ये दुसरा तुकडा अर्ध्यावर आला आणि बेसवाल्याने डोळे उघडले. आज आधीच, तयारीत. ड्रमरही बघतोय. सहावा बार, सातवा, आठवा. मी श्वास धरून. आणि ब्रिजच्या पहिल्या मात्रेवर बुवांनी दोन्ही हात उचलले आणि मांडीवर ठेवले.

बेसवाला एकटा. ड्रमरने ब्रशही उचलले. आठ बार त्या पोराने ब्रिज एकट्याने काढला. पहिला बार चाचपडत, मग बोटं खाली सरकवत, मूळ चाल नाही, पण चाल कुठे आहे हे दाखवत. तळघरात आवाज फक्त तारेवर घासणाऱ्या बोटांचा. बुवा बाकावर थोडे वळून त्याच्याकडे बघत होते, भुवया वर. हवा होता ना तुला? घे. आठवा बार संपला आणि शेवटच्या तुकड्याच्या पहिल्या कॉर्डला त्यांचे हात पियानोवर होते. ते उचललेले कधी, ठेवलेले कधी, मला दिसलं नाही.

खर्जातली | सोमवार, रात्री १२:५८

काटा आला.

उभा_बेस | सोमवार, रात्री १:०३

मी असतो तर पहिल्या चाचपडत्या बारातच गळाठलो असतो. आता झोपायला जातो, झोप लागली तर.

फटकळ | सोमवार, सकाळी ७:५०

सुंदर लिहिलंय, मान्य. पण मूळ प्रश्न तसाच राहिला. शुक्रवारी रात्री विसरले होते की नाही? सेट संपल्यावर विचारलं का?

मंद्रसप्तक | सोमवार, सकाळी ८:१५

नाही विचारलं. माझ्याच टेबलाजवळून गेले, विचारता आलं असतं. पुन्हा तसेच खुर्च्या धरत निघाले होते. मी उठून उभा होतो टाळ्या वाजवायला, त्यामुळे माझी खुर्ची मागे सरकून वाटेपासून लांब गेली होती. ती पुढे ओढली, हाताला लागेल अशी.